बंद खोलीचा उस्ताद : जॉन डिक्सन कार कुठून आणि कसा वाचावा

दाराला आतून कडी. खोलीत प्रेत. खुनी नाही, हत्यार नाही आणि पळून जायला वाटही नाही. असल्या अशक्य खुनांच्या मागे ज्याने आपलं जवळपास सगळं लेखन लावलं, तो लेखक म्हणजे जॉन डिक्सन कार. होम्स पाठ असलेले, अगाथा ख्रिस्ती वाचून संपवलेले कितीतरी मराठी वाचक त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि पहिल्याच पुस्तकात अडखळतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं. कुठल्याही यादीत पहिलं नाव 'द हॉलो मॅन'चं दिसतं, तेच आधी उचललं जातं आणि सुरुवातीलाच ते जड जातं. मग 'हा आपल्याला झेपत नाही' म्हणून कार कायमचा फडताळात जातो. तसं होऊ नये यासाठी हा क्रम सांगतो आहे. कोणत्याही पुस्तकाची उकल इथे फोडलेली नाही, निर्धास्त वाचा.

१. आधी माणूस ओळखून घ्या

कार अमेरिकन होता, पण त्याची पुस्तकं वाचून हे कुणाला सांगूनही पटत नाही. जन्म १९०६ चा, पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनचा. वडील वकील होते आणि अमेरिकन काँग्रेसवर निवडूनही गेले होते. हॅवरफर्ड कॉलेजात असताना तिथल्या मासिकात त्याने पॅरिसच्या बॅंकोलॅं नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोष्टी लिहिल्या. त्यांतलीच एक वाढवून १९३० साली 'इट वॉक्स बाय नाइट' ही पहिली कादंबरी निघाली. १९३२ साली क्लॅरिस क्लीव्ह्ज या इंग्लिश मुलीशी लग्न केलं आणि तो इंग्लंडमध्ये राहायला गेला. त्याची उत्तम पुस्तकं तिथलीच आहेत. लंडनच्या डिटेक्शन क्लबने १९३६ साली त्याला सदस्य करून घेतलं. सगळा ब्रिटिश लेखकांचा गोतावळा आणि त्यात हा अमेरिकन, हा मान मोठाच होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने बीबीसीसाठी भयनाट्यं लिहिली. १९४९ मध्ये आर्थर कॉनन डॉयलचं चरित्र लिहिलं. १९६३ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू गेली, तरी एका हाताने लिहिणं चालूच ठेवलं. १९७७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल इथे तो वारला.

एवढं पुरे. चरित्राचा एकच धागा वाचताना उपयोगी पडतो, तो म्हणजे जादूचे प्रयोग. क्लेटन रॉसन हा जादूगार आणि लेखक त्याचा मित्र. दार-खिडक्यांच्या फटी आतून चिकटपट्टीने बंद केलेल्या खोलीत खून कसा करता येईल, असं आव्हान या दोघांत रंगलं आणि दोघांनीही आपापलं उत्तर कथेतून दिलं. कारचं उत्तर म्हणजे 'ही वुडन्ट किल पेशन्स', लंडनवर बॉम्ब पडत असतानाच्या दिवसांतलं, सर्पगृहातलं. पेशन्स हे एका सापाचं नाव आहे. जादूगार आपली नजर दुसरीकडे वळवतो तेच काम कार वाक्यांनी करतो. फरक एवढाच की शेवटी तो सगळं उघडून दाखवतो.

२. नावांचा गोंधळ विकत घेण्याआधी निस्तरा

नव्या वाचकाचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

कार एका प्रकाशकाला पेलवणार नाही इतक्या वेगाने लिहायचा. म्हणून दुसऱ्या प्रकाशकाकडे दुसरं नाव घेतलं: कार्टर डिक्सन. (पहिल्या वेळी त्या प्रकाशकाने परस्पर 'कार डिक्सन' असंच छापलं होतं, मूळ प्रकाशक अर्थातच चिडला आणि नाव बदलावं लागलं.) दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, त्यामुळे दुकानात दोन्ही शोधा.

ढोबळ विभागणी अशी: कार या नावाखाली रहस्य उकलणारा नायक डॉ. गिडियन फेल येतो, १९३३ च्या 'हॅग्ज नूक'पासून. अवाढव्य देह, काठ्यांचा आधार, खांद्यावर केप, काळ्या फितीचा चष्मा. जी. के. चेस्टरटन या लेखकावरून तो बेतलेला आहे. कार्टर डिक्सन या नावाखाली सर हेन्री मेरिव्हेल येतो, १९३४ च्या 'द प्लेग कोर्ट मर्डर्स'पासून. टक्कल, तोंडाळपणा, बॅरिस्टरही आणि डॉक्टरही. सगळे त्याला 'एच. एम.' म्हणतात.

दुसरा सापळा याहून वाईट. एकच कादंबरी इंग्लंडमध्ये एका नावाने आणि अमेरिकेत दुसऱ्याच नावाने निघालेली असते. हे जोड लिहून ठेवा:

– 'द हॉलो मॅन' म्हणजेच 'द थ्री कॉफिन्स'
– 'द ब्लॅक स्पेक्टॅकल्स' म्हणजेच 'द प्रॉब्लेम ऑफ द ग्रीन कॅप्सूल'
– 'द सीट ऑफ द स्कॉर्नफुल' म्हणजेच 'डेथ टर्न्स द टेबल्स'
– 'द टेन टीकप्स' म्हणजेच 'द पीकॉक फेदर मर्डर्स'
– 'द वॅक्सवर्क्स मर्डर' म्हणजेच 'द कॉर्प्स इन द वॅक्सवर्क्स'

ऑनलाइन मागवताना पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि पात्रांची नावं ताडून पाहा. दोन्ही जुळली तर ते तुमच्याकडे असलेलंच पुस्तक आहे.

३. काय काय लागेल

– एक वही आणि पेन्सिल. पेनाने लिहू नका, खोडावं लागणार आहे.
– नवी आवृत्ती किंवा ई-बुक. ब्रिटिश लायब्ररीच्या 'क्राइम क्लासिक्स' मालिकेत 'इट वॉक्स बाय नाइट', 'टिल डेथ डू अस पार्ट', 'द ब्लॅक स्पेक्टॅकल्स', 'ही हू व्हिस्पर्स' ही पुस्तकं परत आली आहेत. 'अमेरिकन मिस्ट्री क्लासिक्स'मध्ये 'द क्रूकेड हिंज' आणि 'द प्लेग कोर्ट मर्डर्स' मिळतात. मुंबईत असाल तर फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवरही नजर टाका. पेंग्विनची जुनी हिरव्या पाठीची आवृत्ती हाती लागली तर सोडू नका.
– सलग दोन-तीन संध्याकाळी. एक प्रकरण आज आणि पुढचं दहा दिवसांनी, अशा वाचनात कार हाती लागत नाही. कोण कुठल्या दाराशी उभं होतं तेच विसरायला होतं.

फुकटच्या पीडीएफच्या मागे लागू नका. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, म्हणजे कारची पुस्तकं २०३७ च्या अखेरीपर्यंत हक्काखाली आहेत. शिवाय असल्या स्कॅनमध्ये नकाशाचं पान हमखास गायब असतं, आणि कारच्या पुस्तकात नकाशा नसणं म्हणजे निम्मं कोडंच नसणं.

आणि एक ताकीद. पुस्तक संपेपर्यंत नेटवर त्याचं नाव शोधू नका, आवृत्तीची प्रस्तावनाही शेवटी वाचा. इथे 'कुणी केलं' कळलं तरी एक वेळ चालेल, पण 'कसं केलं' कळलं की पुस्तक गेलंच.

४. पहिलं पुस्तक : 'द केस ऑफ द कॉन्स्टंट सुइसाइड्स'

१९४१ ची कादंबरी, डॉ. फेलची. लांबी बेताची, कोडं स्वच्छ आणि खूप हसवणारी. ॲलन कॅम्पबेल आणि कॅथरीन कॅम्पबेल हे दोघे इतिहासाचे अभ्यासक. एका पुस्तकपरीक्षणावरून त्यांचं वर्तमानपत्रातून जोरदार वाजलेलं असतं, पण प्रत्यक्ष भेट झालेली नाही. युद्धातल्या ब्लॅकआउटच्या रात्री स्कॉटलंडच्या गाडीत रेल्वेच्या घोळामुळे दोघांना एकच शयनकक्ष मिळतो. दोघे चाललेले असतात एकाच वाड्यात. तिथे घरातला म्हातारा बुरुजाच्या खोलीतून पडून मेलेला असतो, खोलीचं दार आतून बंद, आणि पलंगाखाली कुत्रा न्यायची एक रिकामी पेटी.

इथून सुरुवात करायला सांगतो ती दोन कारणांनी. कारचा विनोद पहिल्या पन्नास पानांतच कळतो. आणि कोडं मुख्यतः एका खोलीपुरतं, एका पेटीपुरतं असल्यामुळे डोक्यात मावतं. स्कॉटिश पात्रांचे संवाद उच्चारानुसार छापलेले आहेत. अडलात तर ते मोठ्याने वाचा, कानाला लगेच समजतात.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्यांना सुरुवातीला कारचा वेग संथ वाटेल. अर्नाळकरांची गोष्ट नायकाच्या धाडसावर पळते. इथे पळापळ कमी, माणसं खोलीत बसून 'ते दार तेव्हा बंद होतं का' यावर वाद घालतात. त्या वादातच सगळं दडलेलं असतं, तो भरभर उलटू नका.

५. वाचायची रीत शिका

कारच्या वाचकाला एक शिस्त लागते, आणि ती लावून घेतली की पुढची सगळी पुस्तकं दुपटीने आनंद देतात.

पहिली गोष्ट, ते घर डोळ्यांपुढे नीट उभं करा. आपल्याकडे खिडकीला गज असतात, त्यामुळे 'खिडकीतून कुणी गेलं असेल' हा विचारच आपल्या मनात उशिरा येतो. कारच्या इंग्लंडमध्ये खिडकीला गज नसतात. तावदानं वर-खाली सरकतात आणि मधोमध एक खिटी असते. म्हणजे 'खिडकी बंद होती' याचे तीन अर्थ होऊ शकतात: नुसती खाली ओढलेली, खिटी लावलेली, किंवा आतून झडपाही घातलेल्या. दाराचंही तसंच. आपल्या जुन्या दाराला वरची कडी, खालची कडी आणि बाहेर लोंबणारं कुलूप. तिथे कुलूप दाराच्या जाडीतच बसवलेलं, एकच किल्ली आतूनही लागते आणि बाहेरूनही. बोल्ट वेगळा, तो फक्त आतून. कार या प्रत्येक गोष्टीबद्दल अत्यंत काटेकोर आहे. 'लॉक्ड' म्हणतो तेव्हा 'बोल्टेड' म्हणत नाही. वहीत खोलीचं चित्र काढा आणि प्रत्येक दार-खिडकीपुढे नेमकं काय लावलं होतं ते लिहा.

दुसरी गोष्ट, साक्षीदारांचा तक्ता. चार रकाने पुरतात: कोण, काय पाहिलं म्हणतो, किती वाजता, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणी ते पाहिलं का. चौथा रकाना रिकामा राहिला की तिथे पेन्सिलीने खूण करा. आपण नेहमी खुनी बाहेर कसा गेला याच्या मागे लागतो. कार वाचताना तो प्रश्न बाजूला ठेवा. दार बंद होतं हे आपल्याला नेमकं कुणी सांगितलं आणि कधी, हे विचारा. अशक्य प्रसंग भिंतीत क्वचितच असतो, बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी सांगण्यात असतो.

हा सराव करायला 'द ब्लॅक स्पेक्टॅकल्स' (१९३९) याच्यासारखं पुस्तक नाही. सुरुवात पॉम्पेईच्या अवशेषांत होते, मग गोष्ट इंग्लंडमधल्या सॉडबरी क्रॉस या गावी येते. मार्कस चेस्नी नावाच्या हट्टी गृहस्थाचं ठाम मत असं, की माणसं डोळ्यांसमोर घडलेलंही नीट पाहत नाहीत. ते सिद्ध करायला तो घरातच एक छोटासा प्रयोग रचतो. प्रेक्षकांना बजावतो की नीट पाहा, नंतर दहा प्रश्न विचारणार आहे. एक जण सिने-कॅमेऱ्याने चित्रीकरण करतो. उंच हॅट, काळा चष्मा आणि मफलर अशा वेषातला माणूस आत येतो, चेस्नीच्या तोंडात हिरवी कॅप्सूल घालतो आणि निघून जातो. कॅप्सूलमध्ये खरंच विष असतं. सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि साध्यासाध्या गोष्टींवरही एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

त्या प्रयोगाचं वर्णन संपलं की पुस्तक मिटा. दहा प्रश्नांची यादी पुढे येते तेव्हा साक्षीदारांची उत्तरं वाचण्याआधी आपली उत्तरं वहीत लिहा. पुढे पोलीस ती फिल्म पाहतात, तेव्हा वही उघडून ताडून पाहा. हा एक व्यायाम प्रामाणिकपणे केलात की कारची सगळी कला हातात आली.

त्यानंतर 'द ज्यूडस विंडो' (१९३८, कार्टर डिक्सन). तरुण जेम्स आन्सवेल भावी सासऱ्याला भेटायला जातो, व्हिस्कीचा घोट घेतो आणि शुद्ध हरपते. जागा होतो तेव्हा सासरा मरून पडलेला, छातीत बाण. दाराला आतून बोल्ट, खिडक्यांच्या पोलादी झडपा बंद. खोलीत हा एकटाच. मग जवळजवळ सगळी कादंबरी ओल्ड बेलीच्या न्यायालयात चालते आणि बचावाला उभा राहतो एच. एम. बाणाच्या पिसाचा एक तुकडा मोडून नाहीसा झालेला असतो. बाकीच्यांना तो किरकोळ वाटतो, एच. एम. मात्र त्याचा पिच्छा सोडत नाही. उलटतपासणी वाचताना वही बाजूला ठेवली तरी हरकत नाही. माझ्या मते कारचं हे सगळ्यात भक्कम बांधलेलं पुस्तक आहे.

६. आता 'द हॉलो मॅन'

१९३५ ची ही कादंबरी. १९८१ साली एडवर्ड होक या रहस्यकथाकाराने रहस्यकथेतल्या जाणकारांचा कौल घेतला, त्यात बंद खोलीची सर्वोत्तम कादंबरी म्हणून तिचाच पहिला क्रमांक आला. प्रोफेसर ग्रिमो याच्या अभ्यासिकेत मुखवटा घातलेला माणूस शिरतो, दारावर लक्ष असताना गोळी सुटते, दार उघडतात तर पाहुणा नाही. त्याच रात्री कॅग्लिओस्ट्रो स्ट्रीटवर, ताज्या बर्फाने झाकलेल्या रस्त्याच्या मधोमध, दुसऱ्या माणसाला अगदी जवळून गोळी लागते. बर्फावर मरणाऱ्याशिवाय कुणाचीही पावलं नाहीत.

दोन्ही कोडी एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून वेळांचं कोष्टक काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. शक्य झालं तर दोन बैठकांत संपवा.

सतराव्या प्रकरणाला पोहोचलात की थांबा. तिथे डॉ. फेल जेवण झाल्यावर सरळ सांगतो की आपण रहस्यकथेतलीच पात्रं आहोत, तसं नसल्याचा आव कशाला आणायचा. आणि मग बंद खोलीच्या खुनांचं वर्गीकरण मांडतो. खुनी खोलीत नव्हताच अशा सात तऱ्हा, शिवाय दाराशी खटपट करण्याच्या पाच. नंतरच्या कित्येक लेखकांनी हे प्रकरण पाठ्यपुस्तकासारखं वापरलं. पण त्यात कारच्या आधीच्या लेखकांच्या क्लृप्त्यांचेही उल्लेख येतात. गास्तों लरूची 'द मिस्टरी ऑफ द यलो रूम' आणि इस्रायल झॅंगविलची 'द बिग बो मिस्टरी' वाचायची राहिली असेल आणि त्यांचं नवल जपायचं असेल, तर आधी ती वाचून या. सतरावं प्रकरण मात्र वगळू नका. फेलने सांगितलेल्या तऱ्हा वहीच्या शेवटच्या पानावर एकेका ओळीत लिहून काढा. पुढच्या प्रत्येक पुस्तकात ते पान उपयोगी पडतं, आणि कार त्याच यादीच्या नाकावर टिच्चून तुम्हाला परत फसवतो तेव्हा मजा काही औरच असते.

७. यापुढे

'शी डाइड अ लेडी' (१९४३): कड्याच्या टोकापर्यंत जाणारी दोन माणसांची पावलं, परतणारी एकही नाही. निवेदक आहे गावातला वयस्कर डॉक्टर, आणि त्याच्या आवाजात कारला एरवी न साधणारा हळुवारपणा आला आहे.

'ही हू व्हिस्पर्स' (१९४६): युद्ध नुकतंच संपलंय, माणसं थकलेली आहेत. फ्रान्समधल्या एका बुरुजाच्या माथ्यावर, जिथे कुणी पोहोचूच शकलं नसतं, एका माणसाचा तलवारीच्या काठीने खून झालेला असतो आणि संशयाच्या सावलीत फे सीटन नावाची तरुणी. कारच्या स्त्रिया बहुतेक वेळा कचकड्याच्या असतात, ही त्याची खरी उणीव आहे. फे सीटन मात्र जिवंत आहे.

'द बर्निंग कोर्ट' (१९३७) यानंतरच. यात फेलही नाही, एच. एम.ही नाही. संपादनाचं काम करणाऱ्या एका माणसाला हस्तलिखितात १८६१ साली गिलोटिनवर गेलेल्या बाईचा फोटो सापडतो, आणि चेहरा हुबेहूब त्याच्या बायकोचा. शेवट वाचून वाचकांत दोन तट पडतात. कारचे नियम माहीत झालेल्यालाच त्या शेवटाची धार कळते, म्हणून हे आधी घेऊ नका.

इतिहासात रमणाऱ्यांनी 'द ब्राइड ऑफ न्यूगेट' (१९५०) आणि 'द डेव्हिल इन व्हेल्व्हेट' (१९५१) जरूर वाचाव्यात. १९६० च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या कादंबऱ्या अगदी शेवटी ठेवा. तब्येत खालावली होती आणि लेखनात ते दिसतं.

८. दोन जोडवाटा

पूर्ण कादंबरीला वेळ नसेल तेव्हा 'द हाउस इन गॉब्लिन वुड' (१९४७) ही एच. एम.ची कथा घ्या. केळ्याच्या सालीवरून घसरण्याच्या विनोदाने सुरू होते आणि शेवट असा काही आहे की जेवणाआधी वाचू नका. आणि रेडिओ: 'सस्पेन्स' या अमेरिकन मालिकेसाठी कारने १९४३ साली लिहिलेलं 'केबिन बी-१३' ऐका. नवविवाहित जोडपं जहाजावर चढतं, नवरा नाहीसा होतो, आणि खलाशी सांगतात की बी-१३ नावाची केबिन या जहाजावर नाहीच. अर्ध्या तासाचा खेळ आहे.

कार संपत आला की जपानकडे वळा. सेइशी योकोमिझो कारचा चाहता होता. त्याच्या 'द होन्जिन मर्डर्स'चा इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. बर्फ, वाडा, लग्नाची रात्र आणि बंद दालन. त्यात निवेदक पाश्चात्त्य रहस्यकथांची नावं घेतो, म्हणून 'द प्लेग कोर्ट मर्डर्स' आणि 'यलो रूम' त्याआधी उरकून घ्या.